रक्तातली प्रथिने मोडीत निघतात कुठे?

रक्ततपासणीच्या कागदावर ‘एकूण प्रथिने’ आणि ‘अल्ब्युमिन’ असे दोन आकडे हमखास असतात. ते कमी दिसले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘शरीर बनवत नाही’ हा. तो जमाखर्चाचा निम्माच भाग झाला. प्रथिन किती बनते याइतकेच ते कुठे आणि किती वेगाने मोडले जाते, यावरही तो आकडा ठरतो. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न या जावकेच्या बाजूचे आहेत.

प्रश्न : अल्ब्युमिन यकृतात तयार होते हे पुस्तकात ठळक दिलेले असते. ते नष्ट कुठे होते हे मात्र सरळ सापडत नाही. यकृतच बनवते आणि यकृतच मोडते असे समजायचे का?
— वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी

नाही. बनण्याचे ठिकाण एक आहे, मोडण्याची ठिकाणे अनेक. प्रौढ माणसाचे यकृत रोज १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करते आणि तब्येत स्थिर असेल तर रोज तेवढेच मोडले जाते. या मोडतोडीतला सर्वांत मोठा वाटा, साधारण ४० ते ६० टक्के, स्नायू आणि त्वचा यांचा आहे. यकृताचा वाटा फार तर १५ टक्के. मूत्रपिंडे साधारण १० टक्के मोडतात, आणखी १० टक्क्यांच्या आसपास अल्ब्युमिन जठर-आतड्यांच्या पोकळीत झिरपून तिथे पचून जाते. उरलेले इतर ऊतींत थोडे थोडे.

स्नायू आणि त्वचा पुढे का, हे अल्ब्युमिन असते कुठे ते पाहिले की उलगडते. ‘रक्तातले प्रथिन’ म्हणतो खरे, पण शरीरातल्या सुमारे ३०० ग्रॅम अल्ब्युमिनपैकी रक्तवाहिन्यांत असते ४० टक्के. बाकीचे ६० टक्के वाहिन्यांच्या बाहेर, पेशींच्या मधल्या द्रवात असते आणि त्यातले बरेचसे त्वचेत व स्नायूंत. दर तासाला रक्तातले सुमारे ५ टक्के अल्ब्युमिन केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडते आणि लसिकावाहिन्यांमधून फिरून रक्तात येते. या फेरीत ते तंतुजनक पेशींच्या, म्हणजे फायब्रोब्लास्टच्या, शेजारून जात असते. या पेशी भोवतालचा द्रव सतत घोट घोट आत घेतात आणि त्या घोटात अल्ब्युमिनही जाते. दर ग्रॅममागे पाहिले तर स्नायू फार काही मोडत नाही. पण स्नायू आणि त्वचा मिळून शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भरतात, म्हणून बेरीज मोठी होते.

पेशीत शिरल्यावर काय होते? द्रवाचा थेंब पटलाच्या पिशवीत बंद होतो. ही पिशवी, म्हणजे एंडोसोम, हळूहळू आम्ल होत जाते आणि शेवटी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, मिळते. तिथला पीएच ४.५ ते ५ असतो. अल्ब्युमिनची साखळी ५८५ अमिनो आम्लांची, आणि ती १७ गंधक-सेतूंनी घट्ट विणलेली. आधी ही वीण उसवावी लागते, मग कॅथेप्सिन गटातली एन्झाइमे साखळीचे तुकडे करतात. अमिनो आम्ले आणि दोन-दोन अमिनो आम्लांचे तुकडे लायसोसोमच्या भिंतीतल्या वाहकांमधून पेशीद्रवात येतात. त्यांतली बरीच नव्या प्रथिनांसाठी तिथेच वापरली जातात. जी जाळली जातात त्यांचा नायट्रोजन स्नायूमधून ॲलानिन आणि ग्लुटामिन यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि अखेर यकृतात त्याचा युरिया होतो. यकृताचा संबंध येतो तो असा, शेवटच्या टप्प्यावर.

प्रश्न : कोणत्या ऊतीत किती प्रथिन मोडले हे मोजतात कसे? प्रथिन तर मोडून नाहीसेच होते.
— विज्ञान शिक्षक

अडचण नेमकी हीच होती. सुरुवातीची पद्धत अशी : शुद्ध अल्ब्युमिनला किरणोत्सारी आयोडीन जोडायचे, शिरेतून द्यायचे आणि रक्तातला किरणोत्सार दिवसागणिक किती घटतो ते पाहायचे. त्यातून किती मोडले ते कळते. पण आयोडीन बसते टायरोसिन या अमिनो आम्लावर. प्रथिन पचले की आयोडीन लावलेले टायरोसिन पेशीतून बाहेर पडते, त्यावरचे आयोडीन सुटते आणि लघवीत जाते. म्हणजे खूण लगेच पुसली जाते आणि प्रथिन कुठे मोडले ते कळत नाही.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर सुंदर तोड निघाली. सस्तन प्राण्यांच्या लायसोसोममध्ये सुक्रोज, म्हणजे आपली साधी साखर, तोडणारे एन्झाइम नसते. म्हणून किरणोत्सारी सुक्रोज प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायचे. प्रथिन पचते, सुक्रोज पचत नाही आणि पटलातून सहज बाहेरही पडू शकत नाही. ज्या पेशीने प्रथिन मोडले, तिच्यातच ते साचून राहते. पुढे सेलोबायोजसारख्या शर्करा टायरामिनला जोडून, त्यावर आयोडीन बसवून आणखी तीव्र खुणा तयार झाल्या.

प्रयोगाचा क्रम साधारण असा असतो. खूण जोडलेले प्रथिन रक्तात नेहमीच्या प्रथिनाइतकेच टिकते की नाही हे आधी तपासायचे. मग प्राण्याला टोचायचे आणि एक किंवा अधिक दिवस थांबायचे. नंतर वाहिन्यांतले रक्त धुऊन काढायचे, प्रत्येक ऊतीचे वजन करून किरणोत्सार मोजायचा. ऊतीचा लगदा करून त्यात ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घालायचे. अखंड प्रथिन साक्याच्या रूपात खाली बसते, मोडलेल्या प्रथिनाची खूण द्रवात राहते. ही दुसरी मोजणी म्हणजेच त्या ऊतीने मोडलेले प्रथिन.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवे, कारण जुन्या निष्कर्षांतला गोंधळ त्यातूनच आला. खूण जोडताना प्रथिनाची घडी बिघडली, तर यकृतातल्या सफाई पेशी ते ‘खराब माल’ म्हणून झटपट उचलतात आणि सगळी मोडतोड यकृतातच होते असा खोटा निष्कर्ष निघतो. ऊतीत रक्त राहून गेले तर अखंड प्रथिनाची मोजणी फुगते. साचलेली खूणही कायमची बसून राहत नाही. रोज थोडी गळते, आणि यकृतातून गळलेली खूण पित्तासोबत आतड्यात उतरते. ती आतड्याच्या खाती धरली की हिशेब चुकला. वर दिलेले ऊतींचे वाटे प्रामुख्याने उंदीर-सशांवरच्या अशा प्रयोगांतून आले आहेत. माणसात एकूण वेग मोजता येतो, ऊतवार वाटा असा थेट मोजता येत नाही.

प्रश्न : आयजीजी हे प्रतिपिंड तीन आठवडे टिकते आणि आयजीएम पाचच दिवस. दोन्ही प्रतिपिंडेच, मग एवढा फरक का?
— सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी

कारण आयजीजीला परतीची वाट आहे, आयजीएमला ती नाही.

केशवाहिनीच्या आतल्या अस्तराची एकच पेशी डोळ्यांसमोर आणा. ती रक्तद्रवाचा घोट घेते. त्यात आयजीजी, आयजीएम, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन सगळेच आलेले असते. निवड अजून झालेली नाही. पिशवीचा पीएच ७.४ वरून ६ कडे घसरतो. पिशवीच्या भिंतीत एफसीआरएन नावाचा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारे प्रथिन, असतो. आयजीजीच्या बुडाशी जी हिस्टिडिन अमिनो आम्ले आहेत, त्यांना या आम्लतेत प्रोटॉन चिकटतो आणि मगच ग्राहीची पकड बसते. पिशवीला फाटे फुटतात. ग्राहीला धरून असलेला माल एका फाट्यातून पेशीच्या पृष्ठभागाकडे परत जातो, सुटा माल लायसोसोमकडे जातो. पृष्ठभागावर पुन्हा पीएच ७.४ लागतो, पकड सुटते आणि आयजीजी रक्तात मोकळे होते. सगळी निवड पीएचच्या एवढ्याशा फरकावर चालते.

रक्तातले आयजीजी कुणीतरी राखत असावे आणि ही राखण मर्यादित जागांची असावी, असा तर्क ब्रॅम्बेल या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडला होता. तो अचूक निघाला. जागा मर्यादित असल्याने आयजीजी फार वाढले की जादा रेणूंना ग्राही मिळत नाही आणि ते लायसोसोममध्ये जातात. मोठ्या मात्रेत आयजीजी शिरेतून दिले की रुग्णाचे स्वतःचे आयजीजीही लवकर मोडते ते यामुळे. उलट ज्यांच्यात आयजीजी जन्मतःच फार कमी, त्यांच्यात दिलेले आयजीजी जास्त दिवस टिकते. आयजीजीचाच तिसरा उपप्रकार साधारण सातच दिवस टिकतो, कारण त्याच्या साखळीत ४३५ व्या जागी बहुधा हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन असते. एक अमिनो आम्ल बदलले आणि आयुष्य एक तृतीयांश झाले.

हाच ग्राही अल्ब्युमिनलाही वाचवतो. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे संपायला लागणारा काळ, १९-२० दिवसांचे आहे ते त्यामुळे. दोघांना धरण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही. याचा औषधात उपयोग झाला. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे स्नायूंना दुबळे करतात. एफगार्टिजिमॉड हे औषध ग्राहीतली आयजीजीची जागा अडवते, त्यामुळे आयजीजी घटते पण अल्ब्युमिन घटत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

ग्राहीच नीट बनला नाही तर काय होते, याचे उदाहरणही वैद्यकात नोंदलेले आहे. एका कुटुंबातल्या भावंडांत अल्ब्युमिन आणि आयजीजी दोन्ही फार कमी होते. लघवीतून जात नव्हते, आतड्यातून जात नव्हते, बनतही व्यवस्थित होते. मोडत मात्र फार वेगाने होते. पुढे दोष सापडला तो बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनच्या जनुकात. हे छोटे प्रथिन एफसीआरएन ग्राहीचा जोडीदार भाग आहे.

प्रश्न : पेशीत नको असलेल्या प्रथिनांना युबिक्विटिनचे लेबल लागते आणि प्रोटिएसोम ती मोडतो, असे वाचले. रक्तातल्या प्रथिनांनाही असेच लेबल लागते का?
— बारावीचा विद्यार्थी

नाही. ती व्यवस्था पेशीच्या आत बनलेल्या आणि पेशीद्रवात वावरणाऱ्या प्रथिनांसाठी आहे. तिच्या शोधासाठी चिखानोव्हर, हर्श्को आणि रोज यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रक्तातले प्रथिन बाहेरून पिशवीत बंद होऊन येते. ते पेशीद्रवात उतरतच नाही, म्हणून त्याला लेबल लावणारे एन्झाइम भेटत नाही. त्याची वाट लायसोसोमची.

प्रश्न : माझ्या वडिलांना न्यूमोनियासाठी दाखल केले आहे. अल्ब्युमिन २.४ आणि सीआरपी १६० आहे. आठवडाभर प्रथिनांची पावडर देऊनही अल्ब्युमिन वाढले नाही. अल्ब्युमिनची बाटली चढवल्याने पोषण होईल का?
— एक वाचक

तुमची काळजी समजते आणि पावडर वाया गेलेली नाही, हे आधी सांगतो. पण तिचे यश अल्ब्युमिनच्या आकड्यावर मोजू नका.

तीव्र संसर्गात तीन गोष्टी एकाच वेळी होतात. यकृत आपले काम सीआरपी (संसर्गात रक्तात झपाट्याने वाढणारे प्रथिन), फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) अशा तातडीच्या प्रथिनांकडे वळवते आणि अल्ब्युमिन कमी बनवते. केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, त्यामुळे तासाला ५ टक्के बाहेर पडणारे अल्ब्युमिन कितीतरी जास्त बाहेर पडू लागते. आणि बाहेर पडलेले ऊतींत मोडण्याचा वेगही वाढतो. या तिन्हींपैकी एकही गोष्ट आहार कमी पडल्यामुळे होत नाही. उलट नुसती उपासमार असेल तर शरीर अल्ब्युमिन मोडण्याचा वेगच कमी करते आणि बाहेरचा साठा रक्तात ओढून घेते. म्हणून अतिशय कृश झालेल्या पण संसर्ग नसलेल्या माणसाचे अल्ब्युमिन पुष्कळदा ठीक दिसते. २.४ हा आकडा आजाराची तीव्रता सांगतो, जेवण किती झाले ते नाही.

आता वेळेचा हिशेब. अल्ब्युमिन डेसिलिटरमागे १ ग्रॅमने वाढवायचे, तर तीन लिटर रक्तद्रवात ३० ग्रॅम हवे. पण रक्तातले अल्ब्युमिन एकूण साठ्याच्या ४० टक्केच असते, म्हणजे पूर्ण साठा सुमारे ७५ ग्रॅमने वाढायला हवा. बनणे आणि मोडणे यांत रोज ३ ग्रॅमची शिल्लक पडली, तरी २५ दिवस लागतील. आठवड्यात फरक दिसणार नव्हताच.

सीआरपीचे तसे नाही. त्याचे अर्धायुष्य १९ तासांच्या आसपास आहे आणि ते आजारात फारसे बदलत नाही. संसर्ग आटोक्यात येऊन त्याचे उत्पादन थांबले, तर १६० चा आकडा एका दिवसात ७० च्या आसपास येऊ शकतो. म्हणून आधी सीआरपी उतरताना पाहा. अल्ब्युमिन त्याच्यामागून, आठवड्यांच्या गतीने येईल.

बाटलीबद्दल : २० टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असते. ते अन्न म्हणून वापरले जाण्यासाठी आधी मोडले जायला हवे आणि मोडते ते रोज सुमारे साडेतीन टक्के. म्हणजे २० ग्रॅममधून पहिल्या दिवशी शरीराला ०.७ ग्रॅम अमिनो आम्ले मिळतील. त्यातही माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन साखळीभर एकच असते आणि आयसोल्युसिनही कमी असते, त्यामुळे अन्न म्हणून ते दुबळेच. आकड्याचे म्हणाल तर पहिले काही तास तो थोडा वर दिसेल. मग २० पैकी १२ ग्रॅम वाहिन्यांबाहेर जातील आणि उरलेले ८ ग्रॅम म्हणजे डेसिलिटरमागे जेमतेम पाव ग्रॅम. अल्ब्युमिन चढवण्याची खरी कारणे आहेत, उदाहरणार्थ यकृताच्या आजारात पोटातले बरेच पाणी काढल्यानंतर. पोषण हे त्यातले कारण नाही. पावडर आणि जेवण चालू ठेवा. ते स्नायू वाचवण्यासाठी आहे आणि ते काम ते करत असते.

प्रश्न : तीव्र काविळीत यकृत झपाट्याने निकामी होत असतानाही अल्ब्युमिन चांगले कसे राहते? आमच्या वॉर्डात डॉक्टर त्याकडे न पाहता आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) पाहतात.
— परिचारिका

त्यांचे बरोबर आहे. यकृताने आज अल्ब्युमिन बनवणे पूर्ण थांबवले असे धरा. ४.० चा आकडा उद्या सुमारे ३.८६ होईल. हा फरक यंत्राच्या चुकीइतका आहे. आठवड्यानेही तो ३.१ च्या आसपास असेल. रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाचे अर्धायुष्य मात्र ४ ते ६ तासांचे. उत्पादन थांबल्यावर २४ तासांत तो ५ टक्क्यांच्या आसपास उरतो आणि आयएनआर चढतो. आज यकृत काय करते आहे हे सातवा घटक सांगतो. अल्ब्युमिन सांगते ते गेल्या महिन्याचे.

एक दक्षता हवी. आयएनआर ‘के’ जीवनसत्त्व कमी पडले तरी वाढतो. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झाली असेल तर आतड्यात पित्त पोहोचत नाही आणि ‘के’ शोषले जात नाही, यकृत मात्र धडधाकट असते. अशा वेळी ‘के’ शिरेतून देऊन साधारण १२ ते २४ तासांनी आयएनआर पुन्हा पाहतात. उतरला तर दोष जीवनसत्त्वाचा, नाही उतरला तर यकृताचा. पाचवा घटक यकृतात बनतो पण त्याला ‘के’ लागत नाही, म्हणून त्याची पातळीही हा निवाडा करते.

याच हिशेबावर वॉरफरिन हे ‘के’चे काम अडवून गुठळी रोखणारे औषध सुरू करताना हेपारिन हे गुठळी रोखणारे इंजेक्शन किमान पाच दिवस सोबत द्यावे लागते. सातवा घटक लवकर संपतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आयएनआर छान दिसतो. पण प्रोथ्रोम्बिन या रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या घटकाचे अर्धायुष्य ६० तासांच्या पुढे असते, त्यामुळे गुठळी होण्याची क्षमता अजून बरीच शिल्लक असते. आकडा पाहून हेपारिन लवकर थांबवले तर गुठळी वाढते.

प्रश्न : लघवीला फेस येतो. पट्टीच्या तपासणीत प्रथिन ‘नाही’ आले. मग मूत्रपिंडातून प्रथिन जात नाही, असे नक्की समजावे का?
— एक वाचक, वय ६१

बहुतेक वेळा हो, पण पूर्ण खात्री पट्टी देत नाही. नुसता फेस जोराच्या धारेनेही येतो. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. सकाळच्या पहिल्या लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर करून घ्या. १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवे. आणि पट्टीतून निसटणारी प्रथिने आहेत, ती मुख्यतः लहान आकाराची. ती समजून घ्यायची तर मूत्रपिंड नेहमी काय करते ते पाहावे लागेल.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. अल्ब्युमिन ६६ हजार डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक), ते गाळणीतून फारच थोडे उतरते. २०-२५ हजारांच्या आतली प्रथिने, म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, सिस्टॅटिन सी, प्रतिपिंडांच्या सुट्या हलक्या साखळ्या, इन्सुलिन, सहज उतरतात. ती लघवीत मात्र दिसत नाहीत, कारण गाळणीपाठोपाठच्या नळीतल्या पेशी मेगालिन आणि क्युबिलिन या ग्राहींनी त्यांना पकडून आत ओढतात, लायसोसोममध्ये मोडतात आणि अमिनो आम्ले रक्ताला परत देतात. लहान प्रथिनांसाठी मूत्रपिंड हेच मोडण्याचे मुख्य ठिकाण. म्हणून निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत सगळी मिळून १५० मिलिग्रॅमच्या आतच प्रथिने सापडतात.

हे काम थांबले की काय होते ते डायलिसिसच्या रुग्णांत दिसते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन रक्तात निरोगी पातळीच्या दहापट किंवा त्याहून जास्त साचते. वर्षानुवर्षे साचलेले हे प्रथिन सांध्यांभोवती तंतूंच्या रूपात बसते, मनगटातली नस दाबते आणि बोटांना मुंग्या येतात. दुसरा परिणाम मधुमेहींसाठी फार महत्त्वाचा आहे. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा भाग मूत्रपिंडे मोडतात. मूत्रपिंडे अशक्त झाली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकते आणि जुन्याच मात्रेने साखर धोकादायक खाली जाते. ‘मधुमेह बरा होतोय’ असा आनंद करण्याआधी क्रिएटिनिन तपासा.

मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हलक्या साखळ्या इतक्या बनतात की नळीतल्या पेशींची ताकद अपुरी पडते. त्या लघवीत येतात आणि पट्टीला दिसत नाहीत. वय, पाठदुखी, कमी हिमोग्लोबिन किंवा वाढलेले क्रिएटिनिन सोबत असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या सुट्या हलक्या साखळ्यांच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

प्रश्न : नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (मूत्रपिंडाची गाळणी बिघडून प्रथिन गळण्याचा विकार) दिवसाला ४-५ ग्रॅम प्रथिन लघवीतून जाते. यकृत तर १२ ग्रॅम बनवू शकते. मग अल्ब्युमिन २ पर्यंत का उतरते?
— वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी

लघवीत दिसते ती फक्त उरलेली गळती आहे. गाळणीतून त्यापेक्षा जास्त अल्ब्युमिन उतरते. नळीतल्या पेशी त्यातले जमेल तेवढे पकडून मोडतात आणि ते लघवीत मोजले जात नाही. शिवाय यकृताचे उत्पादन वाढते, पण गळतीच्या मानाने पुरेसे वाढत नाही.

प्रश्न : आतड्यातून प्रथिन गळते की नाही हे कसे ओळखतात? विष्ठेतले अल्ब्युमिन का मोजत नाहीत?
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ

अल्ब्युमिन आतड्यात पडले की पचून जाते, शौचापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मोजतात. हे प्रथिन स्वतःच प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारे आहे, त्यामुळे ते बरेचसे अखंड बाहेर येते. २४ तासांची सगळी विष्ठा गोळा करायची, त्याच काळात रक्ताचा एक नमुना घ्यायचा. विष्ठेचे आकारमान गुणिले विष्ठेतली पातळी, भागिले रक्तातली पातळी. उत्तर दिवसाला साधारण २७ मिलीच्या वर गेले तर गळती समजतात. जुलाब असतील तर मर्यादा त्याहून बरीच वर धरावी लागते, कारण नुसत्या जुलाबानेही आकडा वाढतो. आणखी एक खोट लक्षात ठेवा : गळती जठरातून असेल तर तिथल्या तीव्र आम्लात हे प्रथिनही मोडते आणि तपासणी खोटी ‘नाही’ येते. तेव्हा आम्ल कमी करणारे औषध देऊन ती पुन्हा करतात.

गळती आतड्याची की मूत्रपिंडाची, याचा अंदाज रक्तावरूनही येतो. आतडे आकार पाहत नाही, लहान-मोठी सगळी प्रथिने एकसारखी सोडते, म्हणून अल्ब्युमिनबरोबर आयजीजी, आयजीएम सगळेच उतरते. मूत्रपिंडाची बिघडलेली गाळणी मोठे रेणू तरीही अडवते. अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिनसारखी अवजड प्रथिने मागे राहतात आणि वाढलेलीच दिसतात.

प्रश्न : प्रथिन ‘म्हातारे’ झाले हे शरीराला कसे कळते?
— एक वाचक

काही प्रथिनांच्या बाबतीत खूण साखरेची असते. रक्तातल्या बहुतेक प्रथिनांवर शर्करांच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायालिक आम्ल असते. ॲशवेल आणि मोरेल यांनी सेरुलोप्लाझमिन या तांबेवाहक प्रथिनाचे सायालिक आम्ल काढून टाकले. त्याखालचे गॅलॅक्टोज उघडे पडले आणि एरवी कित्येक तास टिकणारे प्रथिन सशाच्या रक्तातून काही मिनिटांत यकृतात गेले. यकृतपेशींवर उघडे गॅलॅक्टोज ओळखणारा ग्राही आहे. पण हा नियम सर्वांना लावू नका. अल्ब्युमिनवर अशी शर्करेची साखळीच नसते. त्याचा रेणू पहिल्या दिवशी मोडेल की साठाव्या, हे पिशवीत ग्राही मिळाला की नाही यावर ठरते. त्याचे वय कुणी मोजत नाही.

प्रश्न : मार लागल्यावर काळे-निळे झालेले कातडे पुढे हिरवे-पिवळे का होते? आणि हॅप्टोग्लोबिनची तपासणी याच्याशी कशी जोडलेली आहे?
— शाळेतील शिक्षिका

कातडीखाली सांडलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिथेच फुटतात आणि भक्षक पेशी हिमोग्लोबिन गिळतात. ग्लोबिन हा प्रथिनाचा भाग अमिनो आम्लांत मोडतो. हीम या रंगद्रव्याचे वलय हीम ऑक्सिजनेज हे एन्झाइम तोडते. त्यातून लोह सुटते, थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि हिरवे बिलिव्हर्डिन तयार होते. त्याचेच पुढे पिवळे बिलिरुबिन होते. वळाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, कारण तिथे रक्त पातळ पसरलेले असते आणि भक्षक पेशी भोवतालच्या निरोगी ऊतीतून येतात.

हेच काम प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांच्यात रोज चालते. १२० दिवस जगलेल्या तांबड्या पेशींतले सुमारे ६ ग्रॅम हिमोग्लोबिन रोज मोडते, त्यातून २०० मिलिग्रॅमच्या वर बिलिरुबिन निघते आणि अल्ब्युमिनला धरून ते यकृताकडे जाते.

तांबड्या पेशी रक्तवाहिनीतच फुटल्या तर मोकळ्या हिमोग्लोबिनने मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून हॅप्टोग्लोबिन त्याला मिठी मारते आणि ही जोडी सीडी१६३ ग्राही असलेल्या भक्षक पेशी मिनिटांत उचलतात. हॅप्टोग्लोबिन त्यातून परत येत नाही, जोडीसोबत मोडते. एकटे असताना ते काही दिवस टिकते. त्यामुळे पेशी फुटत असतील तर रक्तातले हॅप्टोग्लोबिन जवळजवळ शून्य होते. संसर्गात यकृत हॅप्टोग्लोबिन जास्त बनवते, तेव्हा पेशी फुटत असूनही आकडा नेहमीसारखा दिसू शकतो, हे ध्यानात घ्यावे. नमुना काढताना सुईत पेशी फुटल्या तर नळीतले रक्त लाल दिसते, पण हॅप्टोग्लोबिन फारसे घटत नाही, कारण जोडी उचलणाऱ्या पेशी नळीत नसतात.

वळ गेल्यावर काही जणांच्या कातडीवर तपकिरी डाग महिनोन् महिने राहतो. ते हीममधून सुटलेले लोह असते, हिमोसिडेरिनच्या कणांत भक्षक पेशींनी तिथेच साठवून ठेवलेले.